पेट्या माझ्या, फोटो जावेचा

चाकणच्या रस्त्याला एक कंटेनर आडवा झाला होता आणि आमची कंपनीची बस एका चहाच्या टपरीसमोर अडकून पडली होती. टपरीशेजारच्या लिंबाला पोस्टाची लाल पेटी तारेनं बांधलेली होती, जराशी कललेली. टपरीवाल्यानं तिच्यावर फडकं वाळत घातलं होतं. कासारवाडीहून महाळुंग्याला मी त्याच रस्त्यानं कित्येक वर्षं कामाला जात होते आणि ती पेटी मला कधी दिसलीच नव्हती. बस हलली तरी मी मान वळवून बघत राहिले. पुढच्या गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, स्कूटी काढून मी परत तिथं गेले. टपरीवाल्याला फडकं काढायला लावलं आणि मोबाईलवर पेटीचा फोटो काढला.

"मॅडम, पोस्टातनं आलात का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"असंच."

त्या दिवसापासून मला नादच लागला. गुरुवारी सकाळची कामं उरकली की मी बाहेर पडायची. कधी भोसरी, कधी देहूरोड, कधी चाकणच्या पलीकडची गावं. पेट्यांबरोबर पोस्ट ऑफिसंही टिपायला लागले. एक ऑफिस सोसायटीच्या तळमजल्यावर होतं आणि त्याची पाटी वरच्या जिमच्या बोर्डामागं निम्मी झाकलेली होती. दुसऱ्या एका ऑफिसात काचेवर कागद चिकटवला होता, 'डिंक बाहेर ठेवला आहे'. मग हातानं रंगवलेल्या वजनकाट्यांच्या पाट्या आल्या, रस्ता वर येत गेल्यामुळं गळ्यापर्यंत गाडले गेलेले मैलाचे दगड आले. पण जीव पेट्यांवर.

माझी पद्धत ठरलेली होती. पेटी बरोबर मधोमध, मोबाईल सरळ, मागं पुढं माणूस नको, सायकल नको, कुत्रं नको. आधारकार्डावरच्या फोटोसारखी प्रत्येक पेटी समोर बघत उभी पाहिजे. कोणी मध्ये आलं तर ते जाईपर्यंत मी थांबायची. नवरा म्हणायचा, "लोक किल्ल्यांचे फोटो काढतात, फुलांचे काढतात. तुला ह्या डब्यांत काय दिसतं?" मला ते सांगता येत नसे. पण मोबाईलमध्ये एकापाठोपाठ एक पेटी सरकवत बसलं की मला बरं वाटायचं. ह्या पेट्या शोधणारी सगळ्या पट्ट्यात मी एकटीच आहे, असं मला वाटत असे, आणि त्या एकटेपणाची मला थोडी ऐट होती.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली.

ती केजकडची. माझ्याहून बरीच लहान, अंगानं काडी, आणि बोलायला लागली की वाक्य संपायच्या आधीच हसणारी. येऊन महिना झाला नसेल, तोवर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिला नावानं हाक मारत होत्या. मी ज्या दुकानातून वर्षानुवर्षं मोबाईलची कव्हरं घेत होते, त्या दुकानातल्या चाचांना किती मुली आहेत आणि कोणती कुठं दिली आहे, हे मला तिच्याकडून कळलं. मला ती आवडायची. तिच्या येण्यानं स्वयंपाकघरातला माझा अर्धा भार हलका झाला होता. हे सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की मला ती पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. तसं नव्हतं.

दिराला भोसरीत शिफ्टची ड्युटी. एका गुरुवारी मी हेल्मेट शोधत होते तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, हिला पण न्या ना बरोबर. दिवसभर घरात कंटाळते."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. ती चप्पल घालून दारात तयारच होती.

त्या दिवशी आम्ही चऱ्होलीला गेलो. चऱ्होलीत आता जिकडंतिकडं टोलेजंग इमारती झाल्यात, पण जुन्या गावात शिरलं की अजून ओटे आहेत, कौलं आहेत, आणि एका वळणावर दगडी भिंतीला लागून एक बुटकी, गोल डोक्याची पोस्टाची पेटी आहे. ती मला एकदा घाईत दिसली होती आणि मी मनात राखून ठेवली होती. आम्ही पोचलो तेव्हा पेटीशेजारी एक म्हातारी उभी होती. एक हात पेटीच्या डोक्यावर टेकलेला, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मी स्कूटी लावली आणि ती जायची वाट बघत उभी राहिले.

जाऊ सरळ तिच्याजवळ गेली. "आज्जी, कुणाची वाट बघायलाव?"

"बशीची," म्हातारी म्हणाली. "यायची व्हती मगाशीच. आली न्हाई."

"मग इथं कामून उभ्या? स्टॉप तर तिकडं हाय."

"तिकडं टेकाया काय न्हाई. हितं ही हाय की." म्हातारीनं पेटीवर थाप मारली, शेजारणीच्या पाठीवर मारावी तशी. दोघी हसल्या. नंतर बस आली, म्हातारी गेली, मग मी पुढं होऊन माझा फोटो काढला. पेटी मधोमध, मागं भिंत, कोणी नाही. मला तो छान वाटला. जावेनंही काही काढलाय हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी दीर आला आणि तिच्या मोबाईलवरचे फोटो त्यानं टीव्हीवर लावले. आधी रस्त्याचे, एक शेळीचा, एक माझा हेल्मेटमधला. आणि मग तो आला. म्हातारी पेटीवर कोपर टेकून रस्त्याकडं बघतेय, पदर वाऱ्यानं पेटीवरून पुढं आलाय, म्हातारीचं तोंड हसण्यात अर्धं उघडलंय आणि तिच्या हाताखाली पेटीचंही काळं तोंड तसंच उघडं. दोघी कुठल्यातरी एकाच गोष्टीला हसतायत असं वाटत होतं.

सासूबाई देवापुढं वाती वळत बसल्या होत्या. त्या उठून टीव्हीजवळ आल्या. "आगं, कोण गं ही म्हातारी? हसतीय बघ कशी!"

नवऱ्यानं जेवता जेवता मान वर केली आणि ताट हातात घेऊन तोही जवळ आला. "हा भारी आलाय," तो दिराला म्हणाला. "वहिनीनं काढला का तुझ्या?"

"न्हाई, मी काढला," जाऊ म्हणाली आणि लाजून आत पळाली.

चुकीचं काही झालं नव्हतं. तरी मला तिथं बसवेना. गेली दोन-तीन वर्षं मी ज्या घरात पेट्यांचे फोटो आणत होते, त्या घरात कोणी एकदाही ताट हातात घेऊन उठलं नव्हतं. सासूबाईंनी माझा एक फोटो कधी मागून बघितला नव्हता. मी ओट्याशी जाऊन आधीच घासलेली कढई परत घासायला घेतली. जाऊ मागं येऊन म्हणाली, "ताई, ठेवा की, मी घासते." मी म्हटलं, "राहू दे, होतच आलंय."

त्यानंतर ती दर गुरुवारी माझ्याबरोबर यायला लागली. मी ज्या पेटीसमोर उभी राहायची, ती पेटी तीही काढायची, पण तिच्या फोटोत दर वेळी काहीतरी घडत असायचं. लिंबाच्या झाडाच्या त्या पहिल्या पेटीकडं मी तिला नेलं तर तिनं टपरीवाल्याचं फडकं तसंच राहू दिलं. उलट त्याला म्हणाली, "भाऊ, झटका की परत एकदा." फडक्यातून उडालेले पाण्याचे थेंब तिच्या फोटोत उन्हात चमकत होते. मी फोटो बघून "छान" म्हणायची. रोज बोलायचा शब्द असल्यासारखा तो सहज तोंडातून यायचा आणि आत जळत राहायचं. तिच्याकडं माझ्याहून जुना मोबाईल होता. त्याची काचसुद्धा एका कोपऱ्यात तडकलेली होती. निदान मोबाईल तरी भारी असता, तर मनाला समजावता आलं असतं.

निगडी प्राधिकरणात हौशी फोटो काढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी बागेत जमतात. मी त्यात आधीपासून होते. ग्रुप चालवणारे काका कंपनीतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. मी आपली शेवटच्या बाकावर बसायची, ऐकायची आणि यायची. त्या वर्षी ग्रुपनं चिंचवडच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता रोजच्या बघण्यातल्या वस्तू. मला वाटलं, हा विषय तर माझ्यासाठीच काढलाय. निवडून निवडून माझ्या सगळ्यात सरळ, सगळ्यात स्वच्छ पेट्या मी पाठवल्या. घरी हे कळल्यावर नवरा म्हणाला, "मग तो म्हातारीचा पण पाठव की." जाऊ म्हणाली, "नको बाई, माझं काय त्याच्यात." मी ग्रुपमध्ये तिचं नाव घातलं आणि तिचा तो एकच फोटो पाठवला. पाठवताना मनात म्हटलं, बघू या तरी.

काकांचा फोन मला आला, कारण ग्रुपमध्ये नंबर माझा होता.

"म्हातारीचा फोटो घेतलाय आपण," ते म्हणाले. "दारातून शिरल्यावर समोरच्या भिंतीवर लावू. खाली नाव आहे त्या कोण?"

"माझी धाकटी जाऊ."

"नजर आहे हो त्यांना."

"आणि माझे?"

"तुमचे नोंद म्हणून चांगले आहेत. पुढंमागं कोणाला उपयोगी पडतील."

त्या दोन शब्दांनी मला किती दिवस छळलं. नोंद म्हणून. कंपनीत मालाची नोंद करताना, बसमध्ये, भाकरी थापताना ते शब्द कानात वाजायचे. प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. सासूबाई नवीन लुगडं नेसल्या. समोरच्या भिंतीवर चऱ्होलीची ती म्हातारी टेबलाएवढी मोठी होऊन हसत होती आणि लोक तिच्यापुढं उभे राहून आपोआप हसत होते. एका बाईनं जावेला विचारलं, "तुम्हाला ही पेटी सापडली कुठं?" जाऊ म्हणाली, "मला न्हाई सापडली. आमच्या ताईंना सापडली. त्यांना सगळ्या माहीत हाईत." तिनं माझा हात धरून मला पुढं ओढलं. बाई माझ्याकडं बघून हसली आणि परत म्हातारीकडं वळली. खरं सांगते, तिनं माझं नाव घेतलं नसतं तर मला सोपं गेलं असतं. निदान तिच्यावर मनातल्या मनात रागावता तरी आलं असतं.

ह्याच सुमाराला बसमधल्या माझ्या एका मैत्रिणीनं मला एका पेटीबद्दल सांगितलं. महाळुंग्यात एक कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचं जुनं गेट होतं तेव्हा वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर पोस्टाची पेटी होती. पुढं कंपनीनं नवीन कंपाउंड घातलं आणि पेटी आतच राहिली. ती काढायला कोणी आलंच नाही. मैत्रीण म्हणाली, "माझा भाऊ होता तिथं कामाला. अजून असेल बघ."

मला ती पेटी माझ्या एकटीची हवी होती. पुढच्या गुरुवारी मी जावेला न विचारता स्कूटी काढली. गेटवरच्या वॉचमननं मला आत सोडलं नाही. "परमिशन आणा," तो म्हणाला. "कोणाची आणू? कंपनी तर बंद आहे," मी म्हटलं. "मग कशी सोडू?" तो म्हणाला आणि खुर्ची सावलीत ओढून बसला. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले आणि पुन्हा तशीच परत आले. घरी आले तर जाऊ जिन्यातच उभी होती.

"ताई, मला सोडून कामून जायलाव हल्ली? माझं काय चुकलं का?"

तिचा चेहरा इतका सरळ होता की मला खोटं सुचलं नाही. मी पेटीचं सांगितलं, वॉचमनचं सांगितलं. बाकीचं पोटात ठेवलं.

"एवढंच? चला की मग," ती म्हणाली.

त्या गुरुवारी आम्ही दोघी गेलो. वॉचमन तोच, खुर्ची तीच. जाऊ त्याच्याशी काही बोललीच नाही. गेटच्या आत त्यांची पत्र्याची खोली होती आणि तिथं त्याची बायको धुणं वाळत घालत होती. जावेनं गजांतून हाक मारली, "मावशी, थोडं पाणी मिळंल का?" बाई तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन होईपर्यंत कळलं की ती अंबाजोगाईकडची. मग केजचा बाजार निघाला, कोणाची तरी चुलती निघाली, कोणत्या तरी गावची यात्रा निघाली. बाईनं नवऱ्याकडं वळून म्हटलं, "आवं, आपल्याकडचीच पोरगी हाय. उघडा की गेट." त्यानं गेट उघडलं. मी दोन गुरुवार उन्हात उभी राहिले होते आणि हिला एक तांब्या पाणी पुरलं. मी तिच्या मागून आत शिरले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि ती पाठ मला खुपत होती.

पेटी होती. पण कशी? जुन्या केबिनच्या अगदी तोंडाशी नवीन कंपाउंडची भिंत बांधलेली, दोन भिंतींच्या मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. पेटी त्या फटीत, तोंड नव्या भिंतीकडं करून अडकलेली. बाजूनं फक्त लाल कडा दिसत होती. मी फटीत हात घातला तर माझा हात कोपराशीच अडला. दुसऱ्या बाजूनं घालून बघितला. तिथंही तेच.

"माझा जाईल," जाऊ म्हणाली.

तिचा काडीसारखा हात सहज आत जाणार हे मला तिनं सांगायच्या आधीच दिसलं होतं. मी माझा मोबाईल तिच्या हातात दिला. तिचा नाही, माझा. मी केबिनच्या तुटक्या खिडकीतून आत शिरले आणि पेटीच्या वर भिंतीला पडलेल्या भोकातून फटीत वाकून बघायला लागले. मला पडद्याचा एक कोपरा दिसत होता, तिला काहीच दिसत नव्हतं.

"थोडा खाली. अजून. आता तुझ्याकडं वळव. नाही, मोबाईल वळव, हात नको हलवू."

"असा?"

"असा. आता थांब. श्वास रोखून धर. दाब."

तिनं दाबलं. परत एकदा दाबलं. आणि किंचाळली. पेटीच्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं आणि मोबाईल त्याला लागला होता. हात घाईनं बाहेर ओढताना तो मध्येच अडकला. मी खिडकीतून उडी मारून आले, तिचा दंड धरून हात सरळ केला आणि ओढून काढला. मलाही मानेवर एक चावली. पण तिच्या मनगटाला, बोटांना, कोपराला चावल्या होत्या. मोबाईल मात्र तिनं सोडला नव्हता. मुठीत घट्ट धरलेला तसाच होता.

वॉचमनची बायको धावत आली, नवऱ्याच्या डबीतला चुना तिनं जावेच्या हाताला फासला. हात डोळ्यांदेखत फुगत होता. मी तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि गावातल्या दवाखान्यात नेलं. मागं ती रडत होती आणि रडता रडता विचारत होती, "ताई, आला का फोटो? बघा तरी आला का."

"गप्प बस," मी म्हटलं. "मरू दे फोटो."

पण डॉक्टर तिला इंजेक्शन देत होते तेव्हा बाहेर बाकावर बसून मी मोबाईल उघडला. फोटो आला होता. तिरका, अगदी जवळून, सगळीकडं लाल. रंगाचे पापुद्रे, मधोमध पेटीचं तोंड, आणि त्या तोंडात पानासारखं पातळ, राखी रंगाचं पोळं, त्यावर पंख मिटलेल्या माश्या. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांचा एक तुकडा. भिंतीच्या फटीतून येणारा उजेड नेमका पोळ्यावर पडलेला. मी तसा फोटो आयुष्यात काढला नव्हता. आताही तो मी काढला होता की नव्हता, हेच मला कळेना. पेटी मी शोधली होती, मोबाईल माझा, कुठं धरायचा ते मी सांगितलं. हात तिचा. आत जावेचा हात टम्म फुगला होता आणि मी बाहेर बसून ह्याचा हिशेब करत होते.

तिच्या हाताची सूज उतरायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस तिची सगळी कामं मी केली आणि तिच्या केसांना तेलही मीच लावून दिलं. त्या दिवसांत मला जरा शांत वाटलं. फोटो मी कोणालाच दाखवला नव्हता. तिनंच एक दिवस डाव्या हातानं माझ्या मोबाईलवरून तो ग्रुपमध्ये टाकून दिला. खाली लिहिलं, 'ताईंनी काढलेला'.

रविवारी मी बागेत गेले तर काका माझी वाट बघत होते. बाकीचेही माझ्याभोवती जमले. "तुम्ही हे कसं केलंत?" "लाईट काय पकडलाय!" काका म्हणाले, "आता ह्याला नोंद म्हणता येणार नाही." ज्या शब्दांसाठी मी इतके दिवस तडफडत होते ते माझ्यापुढं येऊन पडले, आणि मला ते घेववेनात. तिनं मला फोटो देऊन टाकला होता, भाजीतली वरची जुडी शेजारणीला द्यावी तसा. मला तो तिच्याकडून असा नको होता.

"तो माझ्या जावेनं काढलाय," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच. "हात तिचा होता. मी फक्त सांगत होते."

"पण खाली तर 'ताईंनी काढलेला' असं लिहिलंय..."

"तिनं काहीही लिहू दे."

बाजूच्या एकीनं मला म्हटलं की मी किती मोठ्या मनाची आहे. मला हसू आलं. मन मोठं असतं तर मी गप्प बसून गोड मानून घेतलं असतं. मला फक्त तिचे उपकार नको होते.

घरी येऊन मी जावेला सांगितलं, सगळ्यांना खरं सांगून आले म्हणून. ती लसूण सोलत होती. "बरं," ती म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली. ना वाईट वाटलं, ना बरं वाटलं. माझ्या अंगाची एवढी आग होत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर वर्षाच्या आत दिरानं मोशीला फ्लॅट घेतला आणि ती दोघं तिकडं राहायला गेली. सामान भरून टेम्पो गेला त्या दिवशी सासूबाई रडल्या, जाऊ रडली, मीही रडले. आणि रडत असताना मला हेही दिसत होतं की आता तिचा वेगळा ओटा असेल, वेगळा गॅस, भाजी काय करायची ते ती एकटी ठरवेल. डोळे पुसता पुसता ह्याचाही हेवा करून झाला.

पुढचे काही गुरुवार मी तिला फोन केला, अमुक गावात एक पेटी आहे म्हणतात, येतेस का? दर वेळी तिचं काहीतरी निघायचं. शेवटी मी विचारलं, "फोटो काढणं सोडलंस की काय?"

"आता कुठं काढायलेय ताई," ती म्हणाली. "आन् खरं सांगू का? मला त्या पेट्यांचं काय नव्हतंच. तुमच्यासंगं हिंडायला मिळायचं, म्हणून यायची."

मी फोन ठेवला. वाईट वाटलं, बरंही वाटलं. ती माझ्यासाठी येत होती, हे मला आधी का दिसलं नाही, असंही वाटलं. पण सगळ्यात जास्त टोचलं ते दुसरंच. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर जळले, ती गोष्ट तिनं ओला टॉवेल दोरीवर टाकावा तशी बाजूला टाकली होती. तिला ती जड कधी झालीच नव्हती. धरता येत होतं तसं सोडताही येत होतं. मला दोन्ही तितकं सहज जमत नाही. मी अजून गुरुवारी बाहेर पडते, अजून पेटी मधोमध ठेवते, अजून माणूस बाजूला व्हायची वाट बघते. मला तेच आवडतं, हे आता मला पक्कं कळलंय. नोंद तर नोंद.

मागच्या महिन्यात मी मोशीला तिच्याकडं गेले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि ती किल्ली नाचवत म्हणाली, "चला ताई, तुम्हाला एक गंमत दाखवते." खाली दिराची सेकंडहँड चारचाकी उभी होती. जाऊ गाडी चालवायला शिकली होती आणि आम्हाला कोणाला बोललीसुद्धा नव्हती. मी शेजारी बसले, बेल्ट लावला आणि दोन्ही हातांनी सीट धरून बसले. सोसायटीच्या गेटमधून तिनं गाडी अलगद बाहेर काढली, एका डंपरला वाट दिली, वॉचमनला हात केला, आणि मोठ्या रस्त्याला लागली.

"मला पण शिकव," मी म्हटलं. माझ्या तोंडातून ते कसं गेलं मला कळलं नाही.

"शिकवते की! पण ओरडणार बघा मी," ती हसून म्हणाली.

"ओरड."

तिनं गिअर बदलला. तिचा गिअर पडताना जरासुद्धा आवाज आला नाही. माझा येणार, हे मला आत्ताच माहीत होतं.